व्हडलो घाल, मेस्ता

जोकीम बार्रेटो दोन टर्बो घेऊन आला,
एक पिशवीत, एक फोनमध्ये.
पिशवीतला करवंटीएवढा,
फोनमधला तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढा.
"व्हडलो घाल, मेस्ता," म्हणाला,
"साडेचारशे घोडे जाय."

मी हात पुसले. कुडचड्यात
माझ्याइतके टर्बो कुणी उघडले नसतील.
खाणी चालायच्या तेव्हा रोज एखादा टिप्पर दारात,
लाल धूळ खाऊन पाती झिजलेली,
शाफ्ट बोटानं ढकलला की
पडायला आलेल्या दातासारखा हलायचा.
ते टिप्पर आता सावर्ड्याच्या रस्त्याकडेला उभे,
केबिनमधून वेल बाहेर आलेत.
माझ्याकडे ही पोरं येतात, निळ्या रबरी पायपांची.

मी कागद काढला. नकाशाच तो.
आडवी मोजायची हवा, उभा दाब,
मध्ये कांद्याच्या चकतीसारखी कडी.
आतल्या कड्यात चाक सुखानं फिरतं.
डावीकडची ही रेष ओलांडलीस
तर ढकललेली हवा उलटी फिरते,
बॉनेटखाली पारवे फडफडल्यासारखा आवाज,
आणि बेअरिंगला ते सोसत नाही.
उजव्या टोकाला चाक नुसतं धापा टाकतं,
हवा वाढत नाही, तापते.

इंजिन तुझं दोन लिटरचं. ये,
पेन्सिलीनं त्याचे ठिपके मांडू.
अडीच हजार फेरे. तीन. साडेतीन.
मोठ्याच्या कागदावर तिन्ही तळाशी लोळत पडले.
साडेचार हजारापर्यंत हा झोपणार, म्हटलं,
मग उठून लाथ मारणार.
चालवणार कुठे?

तो थोडा घुटमळला.
"मडगावला. आयतवारी आईला घेऊन मिसाला.
एखाद्या पहाटे अनमोड घाट."

तुझ्या वाड्यापासून मडगावच्या सिग्नलपर्यंत
एकवीस गतिरोधक, मी मोजलेत,
एक रेल्वेचं फाटक,
आणि चांदरच्या वळणावर ती म्हैस, तिला वेळकाळ नाही.
साडेचार हजार तुला भेटणार कुठे?

हसेल असं वाटलं. हसला नाही.
"जहाजावर आमचा टर्बो माणसाएवढा उंच," म्हणाला,
"वरून हुकूम आला की आम्ही खाली
काट्याकडे बघत उभे. चढतो, पण त्याच्या सवडीनं.
नऊ महिने तेच करतो, मेस्ता.
घरी नव्वद दिवस.
त्यातले अकरा गेले."

पेन्सिल त्यानंच घेतली माझ्या हातातून.
छोट्याच्या कागदावर ठिपके मांडत गेला,
तेलकट अंगठ्याचा ठसा उमटवत.
साडेसहा हजाराचा ठिपका कड्यांच्या बाहेर पडला.
वर दमेल हा, मी सांगितलं, खोटं कशाला बोलू,
तीनशेच्या पुढे आशा धरू नकोस.
"दमूं दी."

मग इंजेक्टर, क्लच, पैशांची घासाघीस.
तेलाची परतीची नळी सरळ खाली उतरली पाहिजे,
मध्ये पोट आलं की तेल तुंबतं,
हे मी तीनदा सांगितलं.
त्याला ठाऊक होतं, तरी ऐकून घेतलं.
जुन्या मॅनिफोल्डचा एक बोल्ट तुटला,
त्यात अख्खा मंगळवार गेला.

बुधवारी तिन्हीसांजेला ट्रायलला निघालो.
मागच्या सीटवर त्याची आई, पियेदाद,
मांडीवर बांगड्यांची पिशवी,
वाटेत सोडा म्हणून बसलेली.
टिप्परांच्या रांगेपाशी त्यानं तिसऱ्यात पाय दाबला.
बारीक शिटी उठली, आणि लगेच,
पाय आणि पाठ यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीही जागा न ठेवता,
गाडी निघाली.
एका केबिनमधून कुत्रं उठून भुंकलं.
"जोकी," पियेदाद म्हणाली, "नुस्तें सांडटा."

मोठा टर्बो त्याच्या फोनमध्ये अजून आहे.
चहा येईपर्यंत तो उघडतो, बोटांनी मोठा करून बघतो.
मी म्हणतो, मिटव ते.
आणि चष्मा पुसून
वाकतो त्याच्या खांद्यावरून.